दुसरी तुकडी

माझी उंची ४ फूट ११ इंच, वजन ४३ किलो. अलिबागच्या जिममध्ये पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "काय करायचंय?" मी म्हणाले, "ताकद वाढवायचीय. पण दिसायला नको." ते हसले नाहीत. बऱ्याच मुली हेच सांगत असणार.

घरी येताना माझं वाक्य मलाच खटकलं. पगार वाढवा पण कुणाला कळू देऊ नका, असं कुणी म्हणतं का? (म्हणतात खरं तर, नातेवाइकांच्या धाकाने. ते असो.) ताकद हवी, पण तिचा पुरावा नको, ही नक्की कुणाची इच्छा? माझी, की माझ्या लग्नाची काळजी वाहणाऱ्यांची?

भीती तशी फुकाचीच होती. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असतं. चार महिने डंबेल उचलून कुणाचे खांदे पैलवानासारखे होत नाहीत. ताकद मात्र वाढते, आणि सुरुवातीला तर स्नायू दिसण्याआधीच वाढते, कारण मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू नीट वापरायला शिकतात. म्हणजे माझी अट शरीर आपणहूनच पाळणार होतं. तरी ती घालावीशी वाटली.

हर्षदा गरुड आठवते? मावळातल्या वडगावची. मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला, ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो गटात तिने सुवर्ण जिंकलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलंच सुवर्ण. स्नॅच ७०, क्लीन अँड जर्क ८३, एकूण १५३ किलो. जवळपास माझ्याच वजनाची मुलगी ८३ किलो डोक्यावर नेते! वजन तिलाही सांभाळावं लागलं, नाहीतर त्या गटात उभं राहता आलं नसतं. पण तो नियम कागदावर आहे, सगळ्यांना सारखा आहे, आणि का आहे हे विचारलं तर उत्तर मिळतं. माझा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. मी तो कुणी न सांगता पाळत होते.

मग मला वाटलं, आपल्याकडे तर मजबूत बायका पिढ्यान् पिढ्या आहेतच. डोक्यावर चुंबळ, त्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन चालणाऱ्या कोळणी. हा विचार मी बाजारातल्या आमच्या मावशीला सांगितला. ती म्हणाली, "बाय, मान धरते गो रात्री." मी गप्प. जिममधलं वजन मी दमले की खाली ठेवते. तिची पाटी विकली गेल्याशिवाय हलकी होत नाही. दोन्हीला 'ताकद' म्हणायचं तर म्हणा, मला जमत नाही.

दुसऱ्या आठवड्यात सर खाण्यावर आले. स्नायू वाढवायचे तर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मला रोज ७० ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम. १०० ग्रॅम माशात २० च्या आसपास. मी खूश. समुद्र दहा मिनिटांवर, डबा कशाला विकत घ्यायचा?

घरी सुरमई आली की तुकड्या होतात सहा. बाबांना दोन, दादाला दोन, मला एक. आईला शेपटीकडची एक आणि डोकं. "मला डोकंच आवडतं," असं ती इतकी वर्षं म्हणतेय की आता ते खरंही झालं असेल. त्या दिवशी मी म्हणाले, "आई, मला दोन दे." तिने क्षणाचाही विचार न करता स्वतःची माझ्या ताटात टाकली.

गणित एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. घरात प्रोटीन वाढलं नव्हतं, फक्त सरकलं होतं. आणि ते बाबांच्या किंवा दादाच्या ताटातून सरकलं नव्हतं. माझे दंड आईच्या तुकडीवर उभे राहणार होते. मी ती खाल्ली. परत द्यायला हवी होती, पण भूक लागली होती आणि तुकडी चांगली झाली होती.

पुढचा महिना मी पळवाट काढली. स्वतःच्या पैशाने अंडी आणली, उकडून एकटीच खाल्ली. कुणाला काही बोलावं लागलं नाही. वजन दीड किलोने वाढलं, डेडलिफ्ट ५० वर गेली, कपडे तेच बसत होते. हवं होतं तसंच सगळं. आरशात दंड वळवून बघायचे, आणि तो फारसा दिसत नाही म्हणून आता उलट वाईट वाटायचं! माणसाचं काय सांगावं.

गेल्या रविवारी वाढायला मी बसले. बाबांना एक, दादाला एक, मला दोन, आईला दोन, मधल्या. डोकं कालवणातच ठेवलं. बाबांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मासा लहान होता का?" मी म्हणाले, "नाही." फॅन फिरत होता, तेवढाच आवाज.

आईने एक तुकडी उचलून दादाच्या ताटाकडे हात नेला. "खा ना तू," दादा मान वर न करता म्हणाला.

मग ती खायला लागली. डोकं खाताना चिवडते तसंच बोटांनी चिवडत, प्रत्येक घासाला काटे शोधत. सुरमईच्या मधल्या तुकडीत काटे फारसे नसतात.