अंगण वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्या घरांत इतक्या सहजतेने उच्चारली जाते, की तिच्या पोटी एक निवाडा दडलेला आहे याचा आपणांस विसरच पडतो. शिकणारा अडखळला, की दोष त्याचा. त्याने साधनाकडे बोट दाखविले, की तो सबब सांगतो. खटला तेथेच निकालात निघतो. अंगण पाहावयास कोणी उठत नाही.

गेल्या चवथीच्या सुट्टीत आमच्या सतरा वर्षांच्या भाच्याने एक वापरलेली विजेवरची गिटार व तिचा अ‍ॅम्प्लिफायर विकत आणला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पेटी, तबला आणि देवळातला भजनाचा सप्ताह. गिटार हे वाद्य आमच्या ओसरीवर प्रथमच आले. आम्ही विरोध केला नाही, पण कौतुकही केले नाही. महिनाभर तो बोटे सोलून निघेपर्यंत वाजवीत होता, आणि स्वर काही जमत नव्हते. वरच्या पडद्यांवर तर ते चढेच लागत. एके दिवशी तो म्हणाला, “मामा, तारा दाबतच नाहीत.” आम्ही पेपरातून मानही वर न करता वरील म्हण त्याला ऐकविली. तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचे आम्हांस समाधानच वाटले, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढे शेजारच्या गावचे एक वृद्ध वादक सहज घरी आले. त्यांचे आयुष्य बोटींवरच्या बँडांत गेलेले. सुतार वासा पारखतो तशी त्यांनी गिटार डोळ्यासमोर आडवी धरून दांडीवरून नजर टाकली, मुलाची बोटे पाहिली, आणि म्हणाले, “हात बरो आसा रे बाबा, वाद्य बरें ना.”

त्यानंतर दोन संध्याकाळी जे चालले, ते आम्ही जवळ बसून पाहिले. प्रथम जुन्या गंजलेल्या तारा काढून नव्या, बारीक जातीच्या तारा चढविल्या. सहा तारा मिळून दांडीला चाळीस किलोंच्या आसपास ओढ देतात. त्या ओढीने आणि आपल्याकडच्या दमट हवेने दांडी धनुष्यासारखी वाकली होती. तिच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तिचा स्क्रू त्यांनी पाव फेराच आवळला, आणि रात्रभर वाद्य तसेच ठेवले. लाकडाला घाई चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी बाराव्या पडद्यावर तारांची उंची पाहिली. ती तीन मिलिमीटरांहून अधिक होती, ती दोनच्या खाली आणली. मग शेवटी घोडीवरचे छोटे आधार पुढेमागे सरकवून स्वरस्थाने जुळविली. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तीच तार तेथे दाबून निघणारा स्वर एक झाला पाहिजे. दाबलेला स्वर चढा निघाला, तर आधार मागे घेऊन तार लांब करावयाची. हा क्रम उलटा करता येत नाही. दांडी सरळ होण्यापूर्वी उंची ठरविली तर दांडीबरोबर ती बदलते, आणि उंची बदलली की स्वरस्थानही हलते.

मुलाचे स्वर चढे लागत होते, ते त्याच्या कानाचे वैगुण्य नव्हते. उंच तार पडद्यापर्यंत खाली ओढताना अधिक ताणली जाते, आणि ताणली की स्वर चढतो. तो जितक्या निष्ठेने जोर लावी, तितका अधिक बेसूर होई. ज्याचे साधन बिघडलेले आहे, त्याला अधिक कष्टांचा उपदेश करणे म्हणजे काय, हे आम्हांस त्या संध्याकाळी कळले.

विजेच्या गिटारीच्या इतिहासात या संदर्भी एक मोठी मौजेची गोष्ट आहे. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास जी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तिच्या घोडीवर सहा तारांना मिळून तीनच आधार होते; म्हणून दोन-दोन तारांत तडजोड करावी लागे. वादकांनी तक्रार केली. १९५४ च्या त्यांच्या नव्या गिटारीत प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार आला. फेंडर यांना स्वतः गिटार वाजविता येत नसे! नाचता न येणाऱ्या माणसाने नाचणाऱ्यांस अंगण कसे आहे ते विचारले आणि त्यांचे ऐकले. आम्ही तीस वर्षे भजनात बसलो असूनही आम्हांस ते सुचले नाही.

तथापि येथे एक प्रामाणिक शंका उभी राहते. साधनाचा दोष शोधू लागले तर तो कोठे थांबणार? मेहनत टाळणाऱ्यास ही पळवाटच नव्हे काय? शंका खोटी नाही. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले असतात. त्यामुळे पूर्ण जुळविलेल्या गिटारीवरही शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढाच राहतो. पेटीचेही तेच. याच व अशा कारणांसाठी १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, आणि ती तीन दशके टिकली. देवळांतून मात्र पेटी एक दिवसही उठली नाही. हा दोष वाद्याच्या जन्माचा आहे. तो पत्करूनच त्या वाद्याशी संसार करावयाचा असतो. परंतु पाव फेऱ्याने जाणारा दोष शिष्याच्या माथी मारणे आणि जन्माचा दोष सोसावयास सांगणे, या दोन गोष्टी एकाच म्हणीत कोंबता येत नाहीत. कोणता दोष कोणत्या जातीचा हे शिकाऊ माणसाला ओळखता येत नाही. ते ओळखण्याचे काम वडीलधाऱ्यांचे, आणि नेमके तेच आम्ही टाळले होते.

खरे भय अ‍ॅम्प्लिफायरमध्ये निघाले. आवाजाचे बटण फिरविताना होणारी खरखर आतल्या धुळीची होती, ती गेली. पण एक घुरघुर राहिली. मुलाने तारांना हात लावला की ती कमी होई, म्हणून तो बिचारा हात लावूनच बसे. वृद्धांनी प्लग उलटा करून पाहिला. अर्थिंगची तिसरी पिन कोणी तरी मुळातूनच कापून टाकली होती, बहुधा दोन भोकांच्या जुन्या सॉकेटात बसावा म्हणून. गिटारीच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. आत काही बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्यास त्या वाटेवर वादकाचे शरीरच उरते. स्कॉटलंडचे गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली रंगमंचावरच गेले, ते गिटार हाती असताना अर्थिंग नसलेल्या ध्वनिक्षेपकाला हात लागून. आमचा भाचा पावसाळ्यात ओल्या ओटीवर अनवाणी बसून वाजवीत असे.

विकणाऱ्याने काय सांगितले होते, म्हणून आम्ही मुलास विचारले. “वाजते म्हणाला,” तो उत्तरला. ते असत्य नव्हते. अश्वत्थाम्याविषयी धर्मराजाने दिलेले उत्तरही असत्य नव्हते, आणि तरी त्याचा रथ त्या क्षणी भूमीला टेकला. पण त्या अनोळखी गृहस्थावर रागावताना आम्हांस मध्येच थांबावे लागले. पिन कापलेली आहे, हे त्याने सांगितले नाही. आम्ही महिनाभर त्याच घरात असून विचारले नाही. दोहोंत थोर कोण?

नवा प्लग, नवी वायर आणि भिंतीतल्या सॉकेटाचे तपासलेले अर्थिंग, एवढे झाल्यावरच वृद्धांनी वाद्य पुन्हा मुलाच्या हाती दिले. ‘एफ’ नावाची जी कॉर्ड एका बोटाने सहाही तारा दाबून धरावी लागते, ती त्याला अजून येत नाही. दोन तारा मुक्याच राहतात. तो आता गिटारीकडे पाहत नाही, स्वतःच्या तर्जनीकडे पाहतो.

गेल्या सोमवारी आम्ही देवळातली जुनी पेटी उघडली. तिच्यावर एक लहान मुलगा दोन वर्षे शिकतो आहे, आणि मध्यमावर अडतो म्हणून आमची बोलणी खातो. मध्यमाच्या पट्टीखाली अक्षतांचे तीन दाणे आणि वाळलेल्या दुर्वेची एक काडी अडकलेली होती.