छापण्याआधीची परवानगी

बंगळुरूच्या दक्षिणेकडचे जे. पी. नगर म्हणजे जयप्रकाश नगर. रिक्षावाल्यांच्या तोंडी आणि दुकानांच्या पाट्यांवर त्या नावाची आद्याक्षरेच उरली आहेत. मेट्रो स्थानकावर मात्र ते सबंध लिहिलेले दिसते. या भागात राहणारी कॉलेजची मुले ज्यांच्या नावाच्या वस्तीत राहतात, त्या जयप्रकाश नारायण ऊर्फ जेपींनी १९२१ मध्ये, परीक्षा तोंडावर आली असताना, असहकाराच्या हाकेसरशी पाटणा कॉलेज सोडले होते. पुढे १९७४ मध्ये बिहारचे विद्यार्थी आपल्या आंदोलनाचे नेतृत्व करा असे सांगायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा जेपी सत्तरी ओलांडलेले होते. त्याआधीच्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने ‘एव्हरीमन्स’ हे साप्ताहिक सुरू झाले होते. आणीबाणीत ते बंद पडले.

आणीबाणीचा बंगळुरूशी आणखी एक धागा आहे, आणि तो मराठी आहे. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेले खासदार मधू दंडवते संसदेच्या समितीच्या कामासाठी या शहरात आले होते. २६ जून १९७५ रोजी वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर त्यांनाही इथेच अटक झाली. ज्या मध्यवर्ती तुरुंगात त्यांना ठेवले, तिथे आज ‘फ्रीडम पार्क’ आहे. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण उपस्थित. दुर्गाबाईंनी सभेला विनंती केली, की जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू या. वर्तमानपत्रांत जे छापता येत नव्हते, ते तिथे प्रार्थनेच्या रूपाने म्हटले गेले. त्या प्रार्थनेचा मसुदा कुठल्या नियंत्रकाने तपासला नव्हता.

खरे बोलण्यासाठी आधी कुणाची परवानगी घ्यावी लागते का? सरकारपुढे उभे राहून या प्रश्नाचे उत्तर देणे तुलनेने सोपे आहे. विद्यापीठाच्या आवारात ते अवघड होऊन बसते, कारण तिथे परवानगी मागणारा शिष्य असतो आणि देणारा गुरू. ज्याने शिकवले त्याच्याच कारभाराविषयी छापायचे, ही गोष्ट आपल्या संस्कारात सहज बसत नाही. गुरुनिंदा कानांवर पडू देणेसुद्धा आपल्याकडे पाप मानले गेले. त्यामुळे विद्यार्थी-पत्रकाराचा प्रश्न कायद्याच्या आधी धर्माचा होतो: गुरूविषयीची निष्ठा आणि सत्याविषयीची निष्ठा यांची गाठ पडली, तर कोणती मोठी?

मार्च २०१५ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. काही विद्यार्थ्यांनी इंटरनेटवर एक साप्ताहिक काढले. पहिल्याच अंकात प्राचार्यांची मुलाखत होती, म्हणजे त्यांच्या विरोधातला लेख नव्हे, त्यांचेच म्हणणे. पण मंजुरी मिळण्याआधी ते प्रसिद्ध झाले, या कारणावरून साप्ताहिकावर बंदी आली, चौकशी झाली आणि एका विद्यार्थ्याला निलंबित केले गेले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिलमध्ये निलंबनाला स्थगिती मिळाली. शिक्षा झालेला मुलगा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. मजकुरात काय चुकले यावर फारसा वाद नव्हताच. आधी विचारले नाही, हाच अपराध ठरला.

आपल्या परंपरेत या प्रसंगाला उत्तर आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत शिक्षण पुरे झालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचा उपदेश करतात. आजही पदवीदान समारंभांत तो मोठ्या आवाजात म्हटला जातो. सत्य बोल, धर्माने वाग, माता-पिता-आचार्यांना देव मान, हा भाग सर्वांना पाठ असतो. लगेच पुढे आचार्य जे म्हणतात त्याकडे दुर्लक्ष होते. आमच्या वागण्यातले जे चांगले असेल तेवढेच घ्या, बाकीचे नको, असे ते शिष्याला बजावतात. गुरूचे चांगले आणि वाईट वेगळे करायचे तर आधी गुरूच्या वागण्याचे परीक्षण करावे लागते. म्हणजे आचार्याला देव मानायला सांगणारा आचार्यच शिष्याच्या हाती ही चाळणी देतो आहे. एवढा आत्मविश्वास असलेली संस्था विद्यार्थ्यांच्या अंकाची मुद्रिते मागवून घेईल असे वाटत नाही.

गार्गीची गोष्ट आणखी नेमकी आहे. जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्यांना एकामागून एक प्रश्न विचारत जाते. अखेर ते धमकावतात, की याच्या पलीकडे विचारशील तर डोके गळून पडेल. गार्गी गप्प बसते. बहुतेकांना गोष्ट इथवरच माहीत असते. पण बृहदारण्यकात ती त्याच सभेत पुन्हा उठते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. या वेळी ती आधी अनुमती मागते, पण कुणाची? जमलेल्या ब्राह्मणांची. ज्याला प्रश्न विचारायचे त्या याज्ञवल्क्यांची नव्हे. सभा म्हणते, विचार. प्रश्न काय आहेत हे सभेने आधी तपासून पाहिलेले नाही. आणि याज्ञवल्क्य उत्तर देतात. अक्षरतत्त्वाविषयीचे त्यांचे गंभीर विवेचन या दुसऱ्या फेरीत येते. गार्गी पहिल्या धमकीनंतर बसून राहिली असती, तर ते विवेचन झालेच नसते.

या दोन प्रसंगांवरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. प्रश्न ज्याच्याविषयी आहे, त्यानेच प्रश्नाला परवानगी देणे ही व्यवस्था सत्यशोधनाशी विसंगत आहे. छापण्याआधी मंजुरी मागणारा अधिकारी असे गृहीत धरतो, की सत्य काय आहे हे त्याला आधीच ठाऊक आहे. मग विद्यापीठ कशासाठी? आपल्या दर्शनकारांनी स्वतःचा सिद्धांत मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडण्याची शिस्त पाळली. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्य आणि बौद्ध यांचे युक्तिवाद येतात ते याच कारणाने. विरोधी मत मांडून दाखवल्याशिवाय त्यांचा सिद्धांत पुरा होत नव्हता.

याला एक गंभीर आक्षेप आहे. मुले कच्ची असतात, ऐकीव गोष्टी छापतील, एखाद्या प्राध्यापकाची किंवा तक्रारदार मुलीची आयुष्यभराची हानी करतील. ही भीती खोटी नाही. ‘केसरी’चा आरंभकाळच तिचा पुरावा आहे. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा टिळक आणि आगरकर दोघेही पंचविशीतले, कॉलेज सोडून फार दिवस न झालेले शिक्षक होते. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध त्यांनी जो मजकूर छापला, त्याला आधार असलेली पत्रे बनावट निघाली. त्यांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. चूक त्यांची होती आणि किंमतही त्यांनीच मोजली. पण ‘केसरी’ आणि ‘मराठा’ आधी तपासून घेतले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यातून कुणी काढला असता, तर महाराष्ट्राचे पुढचे अर्धशतक मुके झाले असते. छापल्यानंतर जाब द्यावा लागणे न्याय्य आहे. छापण्याआधी तोंड दाबणे ही वेगळीच गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५० रोजी ‘क्रॉस रोड्स’ आणि ‘ऑर्गनायझर’ या दोन पत्रांचे खटले एकाच दिवशी निकालात काढले. एक डाव्या विचाराचे, दुसरे संघाचे. न्याय दोघांनाही मिळाला. ‘ऑर्गनायझर’च्या खटल्यातला मुद्दा नेमका पूर्वतपासणीचाच होता.

आगरकरांना पुढे दुसरा धडा मिळाला, तो आपल्याच माणसांकडून. समाजसुधारणेवरची त्यांची मते ‘केसरी’त मोकळेपणाने येणे कठीण झाले. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. धर्माच्या नावाने चाललेल्या रूढींवर त्यांनी इतके लिहिले, की लोकांनी त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढली. तेच आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.

‘अंक संस्थेच्या पैशाने निघतो, मग संस्था ठरवील काय छापायचे,’ हा युक्तिवाद तर प्रत्येक आवारात ऐकू येतो. त्याचे उत्तर एका विमा कंपनीच्या खटल्यात सापडते. आयुर्विमा महामंडळावर टीका करणारा अभ्यास मनुभाई शहा यांनी प्रसिद्ध केला. त्याला दिलेले उत्तर महामंडळाने आपल्या ‘योगक्षेम’ या अंतर्गत नियतकालिकात छापले, पण शहांचे प्रत्युत्तर छापायला नकार दिला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार अयोग्य ठरवला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नियतकालिकाला एकच बाजू छापून थांबता येत नाही, असा त्याचा अर्थ. खासगी संस्थांना हे कितपत लागू होते, यावर वकील वाद घालतील. बंगळुरूसारख्या खासगी महाविद्यालयांनी भरलेल्या शहरात म्हणूनच हा प्रश्न कायद्यावर सोडून चालत नाही.

अमळनेरला हा प्रश्न कायद्याविना सुटला होता. साने गुरुजी १९२३ मध्ये तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि पुढच्या वर्षी प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृह सांभाळताना ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून मुलांपुढे ठेवत. हे दैनिक मुलांचे नव्हते, गुरूचे होते, हे खरे. पण अधीक्षक आपल्या मुलांना वाचक मानतो, त्यांना रोज काही सांगणे लागतो असे समजतो, ही वृत्ती सूचनाफलकावर फर्मान लावणाऱ्या वृत्तीहून फार वेगळी आहे. त्याच गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ सुरू केले. त्याचे संपादक नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूच्या राजराजेश्वरीनगरात पत्रकार गौरी लंकेश यांच्या घराबाहेर गोळ्या झाडल्या गेल्या. लिहिण्याची जोखीम कुठवर जाते हे मुलांना ठाऊक आहे. ती पेलण्याची तयारी त्यांनी करावी कुठे, जर कॉलेजच्या अंकातही खानावळीतल्या जेवणाविषयी लिहिता येत नसेल?

तेव्हा पालकांना एक विनंती. मुलाच्या कॉलेजचा वार्षिकांक घरी आला, की प्राचार्यांचे मनोगत आणि बक्षीस समारंभाची छायाचित्रे उलटून पुढे जा. फी, वसतिगृह, परीक्षेचे निकाल, निवडणुका यांवर एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः चौकशी करून लिहिलेले एक तरी पान आहे का ते पाहा. नसेल, तर पालकसभेत उभे राहून विचारा, की असे पान मुलांनी लिहिलेच नाही, की लिहिलेले काढून टाकले गेले.