सारखा नियम आणि न्याय्य नियम

फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाचा नियम बदलला की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. आता कोण पुढे जाणार, हा पहिला. दुसरा नीतिशास्त्राचा आहे: जो नियम सर्वांना सारखाच लागू आहे, तो अन्यायकारक असू शकतो का? वरवर पाहता उत्तर ‘नाही’ असेच येते. इंजिनाची क्षमता सर्वांना तीच, इंधन तेवढेच, रस्ताही तोच. मग तक्रार कशाची? १९५० पासूनचा या स्पर्धेचा इतिहास मात्र हे उत्तर टिकू देत नाही.

खेळातला नियम कायद्यातल्या नियमापेक्षा वेगळा असतो. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात मांडलेल्या विचारानुसार, गरज नसलेले अडथळे स्वखुशीने पत्करून ते पार करण्याची धडपड म्हणजे खेळ. नुसते वेगाने जायचे असते तर इंजिनावर मर्यादा घालण्याचे कारणच नव्हते. मर्यादा आहे म्हणून शर्यत आहे. त्यामुळे इंजिनाचा नियम बदलतो तेव्हा कसोटी कशाची घ्यायची हेच बदलते. २०१४ च्या नियमाने १.६ लिटरचे टर्बो इंजिन आणले, एका शर्यतीला १०० किलो इंधनाची मर्यादा घातली आणि ब्रेक लावताना व धुराड्यातून वाया जाणारी ऊर्जा पुन्हा वापरायला लावली. आदल्या वर्षापर्यंत गाड्या याच्या दीडपट इंधन जाळत होत्या. ज्या अभियंत्यांचा गौरव इंजिन मिनिटाला १८,००० फेरे फिरवण्यासाठी होत होता, त्यांना एकाएकी काटकसरीत श्रेष्ठ ठरायचे होते. नियम सर्वांना सारखा होता, पण त्याने निवडलेला गुण सर्वांकडे सारखा नव्हता. मर्सिडीजने त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या आणि २०२१ पर्यंत सलग आठ वेळा संघांचे अजिंक्यपद पटकावले.

याला अन्याय म्हणावे काय? घाईने ‘हो’ म्हणण्यापूर्वी १९६१ चे उदाहरण पाहायला हवे. त्या वर्षापासून इंजिनाची क्षमता अडीच लिटरवरून दीड लिटरवर आणली जाणार, हे १९५८ मध्येच जाहीर झाले होते. ब्रिटिश संघांना तो निर्णय मान्य नव्हता. तो मागे घेतला जाईल या आशेवर त्यांनी विरोधात बराच काळ घालवला. फेरारीने मात्र आपले दीड लिटरचे व्ही-६ इंजिन तयार ठेवले. १९६१ च्या आठ शर्यतींपैकी पाच फेरारीने जिंकल्या, फिल हिल विश्वविजेता झाला. ब्रिटिशांसाठी क्लायमॅक्स कंपनीचे व्ही-८ इंजिन आले ते हंगाम निम्मा सरल्यावर. पण पुढच्याच वर्षी बीआरएमच्या गाडीत ग्रॅहम हिल, आणि १९६३ व १९६५ मध्ये लोटसमध्ये जिम क्लार्क विश्वविजेते झाले. ज्या नियमाला ब्रिटिशांनी इतका विरोध केला, त्याच नियमाखाली त्यांच्या संघांच्या चालकांनी पाचपैकी तीन विजेतेपदे मिळवली. उरलेली दोन फेरारीची, पण त्यातले १९६४ चे जॉन सर्टीसचे, तोही ब्रिटिशच. पहिल्या वर्षीचा पराभव खरा होता, पण त्याचे मूळ नियमात कमी आणि वाया गेलेल्या वेळेत जास्त होते. नियमाचा न्याय पहिल्या हंगामाच्या निकालावरून ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

मग तो ठरवायचा कशावरून? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये एक विचारप्रयोग मांडला. समाजाचे मूलभूत नियम ठरवणाऱ्यांना त्या समाजात आपली जागा कोणती असेल हे ठाऊक नाही, असे समजायचे. अशा अज्ञानाच्या पडद्याआडून जे नियम मान्य होतील, ते न्याय्य. मोटार शर्यतीत असा पडदा मिळणे अवघड वाटते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ म्हणजे एफआयए नियम लिहिते, पण चर्चेच्या टेबलावर इंजिन बनवणाऱ्या कंपन्याच बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला आपले बळ ठाऊक असते. २०१४ च्या नियमाचा मूळ आराखडा चार सिलिंडरच्या इंजिनाचा होता. फेरारीला तो पसंत नव्हता, आणि २०११ मध्ये तो सहा सिलिंडरवर आला. पडदा इथे फाटलेलाच दिसतो.

तरीही तो पूर्ण फाटत नाही, आणि हेच या विषयातले सर्वांत लक्षणीय आहे. लहान, काटकसरी, टर्बो इंजिनांचा आग्रह धरणाऱ्यांत रेनो पुढे होती. नियम प्रत्यक्षात आला तेव्हा तीच रेनो मर्सिडीजच्या बरीच मागे पडली. १९८८ चे उदाहरण तर याहून बोलके आहे. पुढच्या वर्षीपासून टर्बोवर बंदी येणार होती, आणि त्याआधी टर्बोचे वर्चस्व मोडावे म्हणून हवेचा दाब अडीच बारवर आणि इंधन १५० लिटरवर बांधले गेले. टर्बो नसलेल्या साडेतीन लिटरच्या इंजिनांना इंधनाची मर्यादाच नव्हती. तरी होंडाचे टर्बो इंजिन घेऊन मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. उरलेली एक मोंझाला फेरारीने जिंकली, तीही टर्बोवरच. नियम लिहिणाऱ्याचा हेतू एक आणि पदार्थविज्ञान व अभियंत्यांच्या बुद्धीने लावलेला अर्थ दुसरा, असे इथे वारंवार घडते. म्हणजे शर्यतीत अज्ञानाचा पडदा तत्त्वज्ञाने कल्पावा लागत नाही, भविष्यकाळच तो धरून उभा असतो. नियम लिहिण्यात आणि लागू होण्यात जितकी वर्षे जातात, तितका तो दाट. हंगामाच्या मध्येच, पुढच्याला मागे खेचण्यासाठी केलेला बदल म्हणूनच तीन वर्षे आधी जाहीर केलेल्या बदलापेक्षा नैतिकदृष्ट्या हलका ठरतो, मग दोन्हींचे शब्द एकच का असेनात.

वेळेइतकीच दुसरी अट आहे ती चूक दुरुस्त करण्याच्या वाटेची. २०१४ मध्ये खर्च आवरण्यासाठी इंजिनातल्या सुधारणांवर बंधने आली आणि कोणता भाग किती बदलता येईल याचे ‘टोकन’ ठरले. बंधन सर्वांना एकच होते. पण पुढे असलेल्याला ते संरक्षण वाटले आणि मागे असलेल्याला कोंडी. २०१५ मध्ये परतलेल्या होंडाचे हाल सर्वांनी पाहिले. होंडाच्याच सुझुका मार्गावर फर्नांडो अलोन्सोने रेडिओवरून इंजिनाची जाहीर अवहेलना केली. २०१७ पासून टोकन रद्द झाले. होंडाच्या इंजिनाने मॅक्स वेरस्टॅपेनला अजिंक्यपद मिळवून दिले ते २०२१ मध्ये. पराभव हा खेळाचा भागच आहे. पराभूताला शिकण्यास मनाई करणारा नियम मात्र खेळाच्या विरोधात जातो.

नियम पाळला गेला की नाही, हे कोणत्या प्रमाणाने ठरवायचे, हाही प्रश्न उरतो. मार्च २०१४ मध्ये मेलबर्नला रेड बुलचा डॅनिएल रिकार्डो दुसरा आला आणि काही तासांत अपात्र ठरला. इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोच्या मर्यादेबाहेर गेल्याचे एफआयएचे मापक दाखवत होते. संघाचे म्हणणे असे की मापक सदोष आहे आणि आमचा हिशेब खरा आहे. अपील फेटाळले गेले. प्रत्यक्षात प्रवाह किती होता यापेक्षा तो सर्वांनी एकाच मापकाने मोजायचा होता, ही गोष्ट निर्णायक ठरली. सत्याच्या शोधात हा युक्तिवाद अपुरा आहे, पण स्पर्धेत तो योग्य आहे, कारण प्रत्येकाने स्वतःचे प्रमाण वापरले तर नियमच उरत नाही. त्याउलट फेब्रुवारी २०२० मध्ये फेरारीच्या इंजिनाची चौकशी एफआयएने गोपनीय समझोत्याने मिटवली, तेव्हा फेरारीचे इंजिन न वापरणाऱ्या सातही संघांनी निषेध केला. तो निषेध रास्त होता. ज्या निर्णयाची कारणे कळत नाहीत, त्यातून नियमाचा अर्थ कोणी शिकू शकत नाही.

इतके सगळे इंजिनावर आणि नियमावर अवलंबून असेल, तर विजयाचे श्रेय कोणाचे? भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असेही तिथे म्हटले आहे. शर्यतीला हे विवेचन चांगले लागू पडते. इंजिन हे करण आणि चालक हा कर्ता. नियमाने आखलेली चौकट हे अधिष्ठान मानता येईल. लुईस हॅमिल्टनच्या सात अजिंक्यपदांपैकी सहा २०१४ पासूनची, मर्सिडीजमधली आहेत, म्हणून ती इंजिनाचीच असे म्हणणारे करणालाच कर्ता करून टाकतात. तेच करण हाती असलेल्या निको रोझबर्गने त्याला २०१६ मध्ये हरवले होते, हे ते विसरतात. उलट बाजूने १९६१ मध्ये स्टर्लिंग मॉसने जुनाट चार सिलिंडरच्या इंजिनावर मोनॅको आणि न्युर्बुर्गरिंग इथे फेरारींना मागे टाकले. वळणांच्या त्या रस्त्यांवर करणाचे वजन घटले आणि कर्त्याचे वाढले. पाचांपैकी कोणते कारण किती मोजायचे, हे नियम आणि रस्ता मिळून ठरवतात. एकही कारण शून्यावर मात्र कधी येत नाही.

२०२६ च्या नियमांत या साऱ्या वादांचे पडसाद आहेत. विजेचा वाटा जवळपास निम्म्यावर नेला आहे, विद्युत मोटारीची ताकद १२० वरून ३५० किलोवॅट केली आहे, धुराड्यातली उष्णता वापरणारा अतिशय गुंतागुंतीचा भाग काढून टाकला आहे, इंधन शाश्वत स्रोतांपासूनचे आहे. हा आराखडा २०२२ च्या ऑगस्टमध्येच मंजूर झाला. त्याच महिन्यात आउडीने प्रवेश जाहीर केला, तर रेनोने पुढे इंजिन बनवणेच थांबवले. शिवाय ज्याचे इंजिन ठरावीक प्रमाणाहून जास्त मागे पडेल, त्याला सुधारणेची जादा मुभा देण्याची तरतूद केली आहे. इथे सारखेपणाचे तत्त्व उघडपणे सोडले आहे, आणि त्यावर आक्षेप असा की मेहनतीने पुढे गेलेल्याला ही शिक्षा आहे. पण या तरतुदीने कोणाच्या गाडीचा वेग कमी होत नाही, मिळवलेला विजय परत घेतला जात नाही आणि जादा मुभेतून चांगले इंजिन बनेल याची हमीही मिळत नाही. मागे पडलेल्या उत्पादकाला फक्त पुन्हा प्रयत्न करण्याची वाट मिळते, आणि ती वाट कोणाला लागेल हे नियम लिहिताना कोणालाच ठाऊक नव्हते.