तिच्यासाठीही थांब, पांडुरंगा

पांडुरंगा, दसरा झाला. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक वस्तीवर येऊन गेला. आज हजेरी घेताना सवयीने तिचं नाव तोंडात आलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ती फडावर गेली.”

आमच्या बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. आगाऊ पैशांची उचल मिळते ती कोयत्याला. म्हणून पोर चौदाची झाली की घरात लग्नाचं बोलणं निघतं, कायद्याने वयाची अट अठरा असली तरी. तिच्या आईवर मात्र रागावू नकोस, देवा. फडावरच्या कोपीला दार नसतं. अंधारातच ती माउली तोडीला निघते. वयात आलेल्या लेकीला मागे ठेवायचं तर कुणाच्या भरवशावर, हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तिच्या भीतीला उत्तर दे. गावात राहिलेल्या आजीच्या गुडघ्यांत बळ दे. हंगामी वसतिगृहात दाणागोटा वेळेवर पोचू दे. पुढच्या शाळेला जायला मुलींना एसटीचा पास फुकट आहे; ती एसटी रोज येऊ दे.

पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता, तर तू विटेवर उभा राहिलास. माझी पोरगीही सेवाच करते आहे रे. धाकट्याला कडेवर घेऊन भाकरी थापते, वाढ्याच्या पेंढ्या बांधते. तिच्यासाठी शाळेला थोडं थांबायला लाव.

1855 साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. आमचा धर्म कोणता, असं तिने त्यात देवालाच विचारलं होतं. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत अक्षर मिळालं, म्हणून तिचा प्रश्न आमच्यापर्यंत आला. माझ्या या लेकीच्या पोटातही प्रश्न असतील. ते पाचटाबरोबर जळू देऊ नकोस.

तिची गणिताची वही माझ्या कपाटात आहे. लसाविचं उदाहरण अर्ध्यावर सुटलंय, खाली पेन्सिलीने आखलेली रेघ तशीच कोरी. उन्हाळ्याच्या तोंडावर ती परत येईल, हातांवर उसाच्या पात्याचे चिरे घेऊन. तोवर हजेरीतलं तिचं नाव माझ्या हातून खोडलं जाऊ देऊ नकोस. आणि आल्यावर तिने विचारलं, “बाई, कुठवर आलंय?” तर मला अभ्यासक्रमाची घाई आठवू देऊ नकोस. त्या कोऱ्या रेघेपासून तिच्या शेजारी बसून शिकवण्याइतका धीर मला दे.