मताचं वजन

बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलले : राजकारणात एक मत, एक मूल्य येईल, समाजात माणसाला एक मूल्य मिळायचं नाही. दोस्तहो, दुसरा अर्धा भाग आपल्याला तोंडपाठ आहे. पण पहिला तरी खरा झाला का?

अमेरिकेतलं अलाबामा राज्य घ्या. १९०० च्या जनगणनेवर आखलेले मतदारसंघ साठ वर्षं तसेच. जेफर्सन कौंटीत, बर्मिंगहॅमच्या पोलाद कारखान्यांच्या मुलखात, ६ लाखांवर माणसं, राज्याच्या सिनेटवर माणूस एक. लाऊन्ड्स कौंटीत, कापसाच्या रानात, १५ हजार माणसं, तिथंही एकच. म्हणजे रानातला एक, शहरातल्या चाळीस जणांइतका जड. १९६४ ला रेनॉल्ड्स खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे मोडून काढलं. मतदारसंघ लोकसंख्येनं शक्य तितके समान पाहिजेत.

इथं टाळ्या नकोत. त्या १५ हजारांत पाचातले चार काळे होते, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत एकही काळं नाव नव्हतं. मग ते चाळीसपट वजन कुणाच्या खिशात? मोजायला काळी डोकी, मत गोऱ्या मळेवाल्याचं. (गावजेवणाची लाकडं फोडायला सगळा वाडा लागायचा. पंगतीला?) मतहक्काचा कायदा ऑगस्ट १९६५ चा. १९६६ च्या निवडणुकीत तिथल्या काळ्यांनी स्वतःचा पक्ष उभा केला, निशाणी काळा पँथर. ती ओकलंडच्या पोरांनी उचलली, त्यांचं नाव १९७२ ला मुंबईत आपल्या दलित पँथरनं.

आपल्याकडं १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं राज्याराज्यांच्या लोकसभा जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. कारण काय, तर कुटुंबनियोजन पाळणाऱ्या राज्यांना शिक्षा नको. कारण खोटं नाही. पण बिहारात जन्मलेल्या पोरानं काय गुन्हा केला? त्याचं मत का हलकं? राज्यांना बक्षीस द्यायचं तर तिजोरीतून द्या, माणसाच्या मतातून कापून नको.

आणि आकडे जुळले तरी रेघ कुठून जाते ते बघा. एक वस्ती तीन संघांत कापली, तर तिन्ही संघ काट्यावर बरोबर उतरतात आणि वस्ती तिन्हीकडं पडते. २००२ च्या पुनर्रचना कायद्यात मसुदा छापायची, हरकती मागवायची, जाहीर बैठका घ्यायची तरतूद होती. त्या बैठकीत बोललेला आपल्यातला माणूस मला अजून भेटायचाय.