नुकसानीचे माप

नकली प्रतीवर सिनेमा पाहणे जायज आहे काय, असे मुले आम्हाला विचारतात. पूर्वी सीडीबद्दल, आता मोबाईलबद्दल. दुसऱ्याचा हक मारू नये, एवढे आम्ही सांगतो. पण हक किती मारला गेला, हे मोजले कोणी?

अमेरिकेतील चित्रपट कंपन्यांच्या संघटनेने 2005 च्या पाहणीवरून तिथल्या नुकसानीपैकी 44 टक्के दोष कॉलेजच्या मुलांवर ठेवला. याच आकड्याच्या जोरावर विद्यापीठांवर कायद्याचा बडगा मागितला गेला. जानेवारी 2008 मध्ये संघटनेनेच कबूल केले की हिशेब चुकला, आकडा 15 टक्केच. पुढे 2010 मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नकली मालाविषयीचे तीन प्रसिद्ध सरकारी आकडे तपासले, तर एकाचाही मूळ आधार सापडला नाही.

खोट साधी आहे. प्रत्येक नकली प्रत म्हणजे बुडालेली एक विक्री, असे धरून चालतात. खिशात दहा रुपये असलेला पोरगा दोनशेची अस्सल सीडी घेणारच होता काय? (असे गणित आमच्या वर्गात कोणी मांडले तर आम्ही वही परत करू.)

यामुळे नक्कल जायज होत नाही. मात्र सूरे मुतफ्फिफीनमधली ताकीद माप मारणाऱ्या सर्वांनाच आहे, आणि आकडा हेही मापच. मधल्या 29 टक्क्यांची तोहमत त्या पोरांनी उगाच वाहिली.