सबब आणि कारण

दिवाळीचा फराळ समोर असताना व्यायामाचा विषय काढणे हा अरसिकपणा आहे, हे मला मान्य आहे. परंतु तो फराळ करणाऱ्या हातांविषयीच मला बोलायचे आहे, तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियातल्या मारिया कँग या बाईंचे एक छायाचित्र २०१३ साली फार गाजले. अंगावर व्यायामाचा तोकडा वेष, कमावलेले शरीर, आणि भोवती त्यांचे तीन लहान मुलगे; धाकटा तर अवघा आठ महिन्यांचा. वर एकच प्रश्न छापलेला: ‘तुमची सबब काय?’ कित्येक आयांनी त्यांचे आभार मानले, कित्येक संतापल्या. संतापलेल्यांना बाईंनी उत्तर दिले, की आपण मुळच्या सडपातळ नाही, खाण्याच्या विकाराशी झगडलो आहोत, दोन धंदे सांभाळतो आणि घरी दाईही ठेवलेली नाही. या बोलण्यात मला खोटेपणा दिसत नाही. कष्टाने मिळवलेली गोष्ट चारचौघांत मिरवावी, असे कोणाला वाटत नाही?

मग त्याच चित्राने एकीला हुरूप यावा आणि दुसरीने मान खाली घालावी, हे का? ज्याच्या मनात जे असते तेच त्याला दिसते, असे म्हणून मोकळे होता येईल. पण ते उत्तर फार सोयीचे आहे. चित्र मुके होते. बोलला तो प्रश्न. आपल्या भाषेत ‘कारण’ आणि ‘सबब’ असे दोन शब्द आहेत. कारण बरोबरीच्या माणसाला सांगायचे असते. सबब सांगायची ती मास्तरांपुढे, नाहीतर साहेबापुढे. कारण खरे असू शकते, सबब मात्र ऐकण्यापूर्वीच खोटी ठरलेली असते. मूल रात्री चारदा उठले, ही सबब. टाके अजून दुखतात, हीही सबब. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकतात आणि काहींचे महिनोन्‌महिने जुळून येत नाहीत, तीदेखील सबबच!

लाज हे सर्वथैव वाईट साधन आहे, असे मी म्हणत नाही. खोटे बोलणाऱ्याला लाज वाटावी, वचन मोडणाऱ्याला वाटावी. परंतु ती कृत्याची लाज. लेकरू वाढवून सैलावलेल्या पोटाची लाज वाटायला लावणे ही निराळ्या जातीची गोष्ट आहे.

मात्र याच्या उलट बाजूची दयाही मला रुचत नाही. ‘आता दोन लेकरांची आई तू, तुला काय करायचाय व्यायाम?’ हे वाक्य आपल्याकडे किती मायेने उच्चारले जाते! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, सव्वा महिना विसावा, हे सारे ठीकच. पण तो सव्वा महिना संपला, की तिच्या शरीराचा विषय घरात कायमचा मिटतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत, त्यांनीसुद्धा स्त्रियांना वगळले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली बाळंतपणानंतरच्या स्त्रियांनाही, प्रकृतीची काही अडचण नसल्यास, आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली. ही मिनिटे आणायची कुठून? भारत सरकारच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, असे आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. हात न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत. फरक झाला २०२ मिनिटांचा, आणि तो रोजचा. एका दिवसाच्या फरकात आठवड्याचा व्यायाम बसतो आणि वर ५२ मिनिटे उरतात.

तेव्हा तो प्रश्न मोडीत काढावा असे मला वाटत नाही. पत्ता तेवढा बदलावा. घरातल्या बाकीच्यांना विचारला, तर ‘सबब’ हा शब्द तिथे शोभेल.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी दोन वर्षांपूर्वी रोज सकाळी अर्धा तास टेकडीवर जायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी दादांनी विचारले, “आणि चहा?” वहिनी चपला घालता घालता म्हणाल्या, “अहो, डबा डावीकडच्या फडताळात आहे.” त्या अजून टेकडीवर जातात. वजन किती उतरले ते मी विचारलेले नाही. दादा चहा मात्र बरा करू लागले आहेत. साखर जरा जास्त असते, इतकेच.